नावांची ओळ आली की पान उलटू नका: धर्मग्रंथांतल्या वंशावळी वाचायला बसणाऱ्यांसाठी

श्रावणात आमच्या वाड्यावरच्या देवळात पुराण लागते. ययाती आणि देवयानीचे प्रकरण रंगात आले की सभामंडपातले माणूस जागचे हलत नाही. मग येते ‘अमक्याचा पुत्र तमका, तमक्याचा पुत्र फलाणा’. लगेच कोणाला तहान लागते, कोणाचा फोन वाजतो, मागच्या खांबाजवळचे दोघे हळूच उठून चहाला जातात. त्या दोघांत बरीच वर्षे मी एक होतो.

मडगावचा माझा एक जुना सहशिक्षक आहे, नेमाने मिसाला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणारा. त्याच्याकडून कळले की तिकडेही तेच चालते. दर १७ डिसेंबरला चर्चमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ वाचतात. तो हसत म्हणाला, “नांवांच नांवां! मदलीं दोन-तीन सोडलीं जाल्यार कोणाक कळटलें?” गंमत अशी की त्या यादीतली तीन नावे खरोखरच सुटलेली आहेत आणि ती सोडली आहेत खुद्द मत्तयाने. हे आम्हा दोघांना पुढे कधीतरी कळले, आणि तेव्हापासून आम्ही चहाला उठणे बंद केले.

हा लेख नव्याने वाचायला बसणाऱ्यासाठी आहे. मी पंडित नाही, निवृत्त शाळामास्तर आहे. म्हणून पद्धतही शाळेतलीच सांगतो: वही, पेन्सिल, बोटांवरची मोजणी. मनात एकच गोष्ट धरून ठेवा. वंशावळ ताल धरून चालते, आणि तो ताल जिथे मोडतो तिथे सांगणाऱ्याने मुद्दाम काहीतरी ठेवलेले असते.

आधी काय हातात घ्यावे

मोठ्या वंशावळीला आधी भिडू नका. बायबलमधल्या ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय म्हणजे जवळजवळ नावांचे रान. भागवताचा नववा स्कंध २४ अध्यायांचा, आणि विष्णुपुराणाचा चौथा अंशही राजवंशांनीच भरलेला. पहिल्या दिवशी उत्साह असतो, तिसऱ्या दिवशी पोथी पुन्हा फडताळात जाते.

दोन लहान तुकडे घ्या. एक, बायबलमधल्या रूथच्या पुस्तकाच्या अगदी शेवटच्या पाच ओळी. त्यात पेरेसपासून दावीद राजापर्यंत दहा नावे आहेत. दुसरा, वाल्मीकी रामायणाच्या बालकांडातला सत्तरावा सर्ग. दोन्ही एका बैठकीत वाचून होतात. संस्कृत किंवा हिब्रू यायलाच हवे असे नाही, मराठी भाषांतर पुरते. एक पथ्य मात्र पाळा: संक्षिप्त आवृत्ती नको. संक्षेप करणारा पहिली कात्री नावांनाच लावतो.

आपल्या गोव्यात बायबलची कथा मराठी ओवीतही आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले. ऐकायला ते गोड लागते. वंशावळीच्या कामाला मात्र गद्य भाषांतरच बरे, कारण ओवीत नावे मोजताना बोटे चुकतात.

कोण सांगतो, कोणापुढे सांगतो, कुठल्या वेळी

वंशावळ हवेत लटकत नसते. ती कोणीतरी, कोणापुढे तरी, काही कामासाठी म्हणत असतो. पहिल्या वाचनात एवढेच शोधा आणि समासात लिहून ठेवा.

बालकांडात प्रसंग लग्नाचा आहे. धनुष्य मोडून झाले, अयोध्येचे वऱ्हाड मिथिलेला आले. आता मुलाकडच्यांनी कूळ सांगायचे. दशरथ स्वतः बोलत नाही. आमच्या वतीने वसिष्ठ बोलतील, असे सांगतो. वसिष्ठ ब्रह्मदेवापासून सुरू करून राम-लक्ष्मणांपर्यंत येतात आणि तिथेच मुलींना मागणी घालतात. पुढच्या सर्गात जनक म्हणतो की कन्या देताना कुलीनाने आपले कूळ सगळे सांगावे, आणि निमीपासून सुरू करून तो स्वतःच्या तोंडाने ते सांगतो.

यात वसिष्ठ काय काय सांगतात ते बघा. असित राजाचे राज्य शत्रूंनी घेतले आणि तो दोन बायकांना घेऊन हिमालयात गेला. एका सवतीने दुसरीला गर्भ मारायला विष दिले. त्या विषासकट, म्हणजे ‘गरा’सकट जन्मला तो सगर. पुढे रघूचा मुलगा प्रवृद्ध शापाने नरभक्षक झाला, हेही ते सांगून टाकतात. लग्नाच्या मांडवात, मुलीच्या बापासमोर! आपल्याकडे सोयरीक जमवताना कर्जात बुडालेला काकासुद्धा झाकून ठेवतात. वसिष्ठांनी हे का झाकले नाही, या प्रश्नावर थोडे बसा. माझे उत्तर असे की ती यादी मिरवायला म्हटलेली नाही, ती साक्ष आहे. तुमचे उत्तर वेगळे असू शकते.

आणि ही चाल अजून जिवंत आहे. आपल्या लग्नात कन्यादानाच्या वेळी भटजी दोन्हीकडची गोत्रे आणि तीन पिढ्यांची नावे घेतात: अमक्याचा पणतू, तमक्याचा नातू, फलाण्याचा पुत्र. माझ्या भाचीच्या लग्नात नेमके याच वेळी व्हिडिओवाला “भटजी, जरा हातां वर धरात” म्हणत होता आणि भटजी वराच्या पणजोबांचे नाव विचारत होते. मुलाकडचे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. शेवटी सावंतवाडीच्या एका म्हाताऱ्या आत्याला फोन लावला. तिने नाव सांगितले, भटजींनी ते संस्कृतात बसवले आणि अक्षता पडल्या. जनकाच्या सभेत जे चालले होते ते हेच.

भागवतात याच्याही पुढची गंमत आहे. तिथे शुकमुनी परीक्षिताला कथा सांगत आहेत. नवव्या स्कंधाच्या बाराव्या अध्यायात इक्ष्वाकू कुळाची नावे घेत घेत ते बृहद्बलापाशी येतात आणि म्हणतात, याला तुझ्या बापाने युद्धात मारले. म्हणजे अभिमन्यूने. नावांची ओळ ऐकता ऐकता ऐकणाराच त्या ओळीत सापडला! लगेच पुढे, हे राजे होऊन गेले, आता होणारे ऐक. तिथून सगळी क्रियापदे भविष्यकाळी. त्या ‘होणाऱ्या’ राजांत शाक्य आणि शुद्धोद ही बुद्धाच्या घराण्यातली नावे येतात. विष्णुपुराणात नंद आणि मौर्यसुद्धा असे भविष्यकाळात येतात. इतिहासाच्या अभ्यासकांनी याचा साधा अर्थ लावला: ही नावे माहीत झाल्यावर कोणीतरी ती यादीत घातली आहेत, पण सांगणारा परीक्षिताच्या काळात बसलेला म्हणून क्रियापद भविष्यात न्यावे लागले. श्रद्धेने वाचणारा याला ऋषींची दृष्टी म्हणेल. कसेही वाचा, पण क्रियापद बदलले तिथे पेन्सिलीची खूण करा.

वहीची मांडणी

यावर फार लिहीत नाही. जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरची कोरी पाठ उत्तम, लांब कागद मिळतो. एका ओळीला एकच नाव, वरून खाली. उजवीकडची अर्धी जागा मोकळी सोडा. बाईचे नाव आले की त्याला गोल. नावाबरोबर एखादे वाक्य जास्त आले की चांदणी. थोरला सोडून धाकट्याकडे वंश गेला की आडवा बाण. पेन वापरू नका, खोडावे लागते.

आणि मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचले तर डोळा घसरतो. जीभ घसरत नाही.

ताल ऐका, मग तो कुठे मोडतो ते बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. उत्पत्तीच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय या सरावाला सर्वात चांगला. प्रत्येक पिढीला ठेका एकच: अमका इतक्या वर्षांचा झाला तेव्हा त्याला तमका झाला, नंतर तो आणखी इतकी वर्षे जगला, मुलगे-मुली झाल्या, एकूण वर्षे इतकी, मग तो मेला. आदाम ९३० वर्षे, मेला. शेथ ९१२, मेला. टाळासारखे चालते. आणि मग हनोख येतो. त्याची वर्षे फक्त ३६५, आणि शेवटी ‘मेला’ हा शब्दच नाही. तो देवाबरोबर चालला आणि नाहीसा झाला, कारण देवाने त्याला नेले, एवढेच. पाच-सहा वेळा मोठ्याने ‘मेला’ म्हटलेले असले तरच ती न पडलेली टाळी ऐकू येते. पान उलटणाऱ्याला ती कधी ऐकू येणार नाही.

आता रूथकडे. दहा नावांची यादी पेरेसपासून का सुरू होते? यहूदापासून किंवा अब्राहामापासून का नाही? पेरेसची जन्मकथा उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायात आहे. तामारचे दोन नवरे एकामागून एक मेले. सासऱ्याने तिसरा मुलगा देतो म्हटले आणि दिला नाही. तेव्हा तिने तोंडावर बुरखा घेऊन त्या सासऱ्याकडूनच, यहूदाकडून, वंश मिळवला. जुळे झाले. एकाने आधी हात बाहेर काढला, सुइणीने त्याला तांबडा दोरा बांधला, पण प्रत्यक्षात दुसराच आधी बाहेर आला. त्याचे नाव पेरेस, म्हणजे खिंडार. राजाची वंशावळ खिंडारापासून सुरू होते, असे त्या पुस्तकाने शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे. (या दहांत हेस्रोनचा मुलगा ‘राम’ आहे. हिब्रू नाव आहे, आपल्या रामाशी त्याचा संबंध जोडायला जाऊ नका. आमच्या मंडळींत एकाने जोडला होता.)

मत्तयाच्या पहिल्या अध्यायात अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, हा ठेका बापाकडून मुलाकडे जातो. त्यात चार ठिकाणी बाई येते: तामार, राहाब, रूथ आणि ‘उरीयाची बायको’. या चौथीचे नाव बथशेबा, पण मत्तय ते घेत नाही. दावीदाने ज्याला मारवले त्या नवऱ्याचे नाव मात्र घेतो. चारांपैकी राहाब यरीहोची वेश्या, रूथ मवाबी, उरीया हित्ती. सारा, रिबेका, लेआ या मानाच्या आयांचा उल्लेखही नाही. का? कोणी म्हणतात, परक्या लोकांनाही या वंशात जागा आहे हे दाखवायला. कोणी म्हणतात, पुढे मरीयेबद्दल लोक कुजबुजणार, तेव्हा आधीच दाखवून ठेवले की ही ओळ नेहमीच वाकड्या वाटेने आली आहे. दोन्ही वाचने जुनी आहेत. मला दुसरे जास्त पटते, कारण यादीच्या शेवटी क्रियापदच मोडते. ‘योसेफाला येशू झाला’ असे येत नाही. योसेफ हा मरीयेचा पती, आणि तिच्यापासून येशू जन्मला. सगळी ओळ बापांची, आणि शेवटची कडी आईची.

आता आमच्या अंत्रुजातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, देवळात परत या. भागवताच्या नवव्या स्कंधात, विसाव्या अध्यायात दुष्यंत-शकुंतलेचा मुलगा भरत. त्याच्या नावाने वंश ओळखला जातो, देश ओळखला जातो. त्याला मुलगे झाले, पण हे माझ्यासारखे नाहीत असे तो म्हणाला, आणि टाकून देईल या भीतीने राण्यांनीच ते मुलगे मारले. वंश खुंटला. मरुतांनी भरद्वाज नावाचे मूल आणून दिले. वंश फुकट गेला असताना मिळाला म्हणून त्याला वितथ म्हणाले. पुढचे शंतनू, भीष्म, कौरव-पांडव सगळे या वितथाच्या ओळीत. म्हणजे ‘भारत’ म्हणवणाऱ्यांत भरताचे रक्त नाही, असे भागवतच सांगते. दत्तक म्हणजे दुय्यम असे मानणाऱ्या घरांत हा अध्याय मोठ्याने वाचावा. मी आमच्याच एका नातेवाइकांकडे वाचला होता. जेवण झाले, पण विडा मिळाला नाही.

आणखी एक जागा, फार लोकांच्या वाचनात न येणारी. बृहदारण्यक उपनिषदात ‘वंश’ येतात, पण ते गुरु-शिष्यांचे: कोणाकडून कोणाला विद्या मिळाली त्याचे. ग्रंथाच्या अगदी शेवटी जो वंश आहे त्यात गुरूंची नावे आईवरून येतात: पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र, गौतमीपुत्र. एकामागून एक आयांची माळ. बापांच्या याद्या वाचून कान बसले असतील तर हे एकदम जागे करते.

बोटांवर मोजा

आकडे आले की बेरीज करायची. उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात मथुशलह सर्वांत जास्त जगला, ९६९ वर्षे. तो १८७ वर्षांचा असताना लामेख झाला, लामेख १८२ वर्षांचा असताना नोहा, आणि नोहा ६०० वर्षांचा असताना जलप्रलय. १८७, १८२ आणि ६०० मिळवा. बरोबर ९६९. म्हणजे म्हातारा प्रलयाच्याच वर्षी गेला. ग्रंथ हे कुठे बोलून दाखवत नाही, बेरीज करणाऱ्यालाच सापडते. तसेच आदामापासून लामेखाच्या जन्मापर्यंतची वर्षे मिळवली तर ८७४ येतात, आणि आदाम तर ९३० वर्षे जगला. पहिल्या माणसाने नोहाच्या बापाला मांडीवर घेतले असेल! ही वर्षे खरी की प्रतीकाची, हा वेगळा वाद. आधी हिशेब जुळवा, मग वाद घाला.

मत्तय म्हणतो, अब्राहामापासून दावीदापर्यंत १४ पिढ्या, दावीदापासून बाबेलच्या हद्दपारीपर्यंत (यहुदी लोकांना कैद करून बाबेलला नेले तोपर्यंत) १४, तिथून ख्रिस्तापर्यंत १४. मोजून बघा. मधल्या १४ जमवायला त्याने योरामानंतर अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे गाळले आहेत. जुन्या करारातल्या पहिल्या इतिहासाच्या तिसऱ्या अध्यायात ते नीट आहेत. आणि शेवटच्या गटात नावे मोजली तर तेराच भरतात. मग १४ चा हट्ट कशासाठी? हिब्रूत अक्षरांना अंकमूल्य असते. दावीद या नावाची तीन अक्षरे म्हणजे ४, ६ आणि ४. अनेक अभ्यासक हेच कारण सांगतात. माझ्या मित्राच्या चेष्टेला उत्तर मिळाले ते इथे.

पिढ्या गळण्याचे एक साधे कारण घरातही सापडते. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. आमच्या घराण्यात ते चार पिढ्या चालले. एका देवस्थानाच्या जुन्या नोंदीत कारकुनाने आजोबा आणि नातू एकच समजून दोन पिढ्या खाल्ल्या. त्या कागदाप्रमाणे आमचा एक पूर्वज सव्वाशे वर्षे महाजन (देवळाचा वंशपरंपरेने हक्कदार) होता! मथुशलहाला हसण्याआधी मी तो कागद आठवतो.

दोन याद्या शेजारी ठेवा, आणि गप्प बसा

नवशिक्याची मोठी चूक म्हणजे दोन याद्यांत फरक दिसला की लगेच जुळवायला धावणे. आधी फक्त बघा.

वाल्मीकींच्या यादीत रघू आणि दशरथ यांच्यामध्ये बारा नावे आहेत. भागवतात रघूचा अज, अजाचा दशरथ, संपले. कालिदासाच्या रघुवंशातही असेच. मग वाल्मीकींची मधली नावे कुठे गेली? सुदर्शन, अग्निवर्ण, शीघ्रग, मरू. ही माणसे भागवतात आहेत, पण कुशाच्या नंतर, म्हणजे रामाच्या वंशजांत. एका ग्रंथात रामाचा पूर्वज तो दुसऱ्यात रामाचा वंशज. वर वाल्मीकींच्या याच सूर्यवंशात नहुष आणि ययातीही आहेत, ज्यांना महाभारत चंद्रवंशात घालते. हे पहिल्यांदा कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकान्यांत मांडले तेव्हा मी पुन्हा पुन्हा पोथी उघडून बघितले, माझेच लिहिताना चुकले म्हणून.

मत्तय आणि दुसरे शुभवर्तमान लिहिणारा लूक यांचेही तसेच. मत्तय दावीदानंतर शलमोनाकडून येतो, लूक दावीदाच्या नाथान या मुलाकडून. मत्तयात योसेफाचा बाप याकोब, लूकमध्ये एली. मत्तय वरून खाली उतरतो आणि अब्राहामापासून सुरू करतो. लूक खालून वर चढतो आणि आदामाच्याही पलीकडे देवापर्यंत जातो. जुन्या टीकाकारांनी मेळ घातले आहेत. निपुत्रिक भावाच्या विधवेशी लग्न करून त्याच्या नावाने वंश चालवण्याची चाल होती, म्हणून एक बाप रक्ताचा आणि एक नावाचा, हा एक मेळ. एक यादी योसेफाची आणि एक मरीयेच्या माहेरची, हा दुसरा. ते वाचा, पण शेवटी वाचा. आधी विचारा: हा वर का चढतो, तो खाली का उतरतो? यहुदी वाचकाला अब्राहाम पुरतो. सगळ्या माणसांशी बोलायचे तर आदामापर्यंत जावे लागते.

यादी म्हणजे हक्काचा कागद

हा भाग गोमंतकीयाला शिकवायला लागत नाही, तो आपल्याकडे पाळण्यातच कळतो.

एज्राच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलहून परतलेल्यांची यादी आहे. त्यात याजकांची काही घराणी आपली वंशावळ शोधतात, ती सापडत नाही, आणि त्यांना याजकपणातून काढून टाकतात. देवाचे परमपवित्र अन्न खायची मनाई होते. त्यांत एक घराणे बर्जिल्लयाचे. मूळपुरुषाने बर्जिल्लय गिलादीच्या मुलीशी लग्न केले आणि सासऱ्याचेच नाव लावले. घरजावयाच्या नावामुळे पिढ्यांनंतर हक्काची पंचाईत! आता देवस्थानाच्या महाजनांच्या यादीत नाव लावायला गेलेल्या कोणालाही विचारा. साष्टी-तिसवाडीतले देव सोळाव्या शतकात अंत्रुजात आले, मंगेश कुडथाळहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून. महाजनांची घरे चारी दिशांना गेली. पुढे नोंदी पक्क्या झाल्या, १९३३ ची देवस्थान नियमावली आली, आणि ‘तुम्ही कोणाचे?’ या प्रश्नाला कागदावर उत्तर द्यायची वेळ आली. तीच कथा गांवकारीची, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीवरच्या हक्काची. वांगड (घराण्याची शाखा) कुठला, बाप कोण, आजा कोण, हे ठरल्याशिवाय जोण, म्हणजे त्या उत्पन्नातला वाटा, मिळत नसे. एज्राचा तो अध्याय मी आमच्या मंडळींत वाचला तेव्हा कोणी पाणी प्यायला उठले नाही.

आणि गणनाच्या २७ व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली आहेत: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बापाला मुलगा नाही. म्हणून त्याचे नाव कुळातून का पुसले जावे, आम्हाला वतन द्या, असे त्या मोशेला सगळ्यांसमोर म्हणतात. निकाल त्यांच्या बाजूने लागतो. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून घरच्या वाटणीत मुलीला हिस्सा मिळत आला, आणि जोण मात्र पुरुष वारसाच्या ओळीने चालत आला. एकाच घरात दोन वंशावळी, एक मुलींसकट आणि एक मुलींशिवाय. त्या पाच बहिणींची गोष्ट वाचताना हे मनात असू द्या.

सह्याद्रिखंडाबद्दल एक सूचना

गोव्यातला माणूस या वाटेने गेला की सह्याद्रिखंडाशी पोचतोच. स्कंदपुराणाचा भाग म्हणवणारा हा ग्रंथ डॉ. जेर्सन द कुन्हा यांनी १८७७ साली मुंबईत छापून काढला. परशुरामाने दहा गोत्रांची घराणी आणून गोमंतकात वसवली, साष्टीला ६६ आणि तिसवाडीला ३० या आकड्यांवरून ती नावे पडली, ही परंपरा बहुतेकांना याच ग्रंथामुळे ठाऊक आहे. जरूर वाचा. पण हा ग्रंथ एका हाताने एका काळात लिहिलेला नाही, त्याचे थर वेगवेगळे आहेत. त्यात काही ज्ञातींची स्तुती आहे आणि काहींची नालस्ती. इथे पहिल्या पायरीवरचा प्रश्न दुप्पट जोराने विचारायचा: हे कोण सांगतो, आणि कोणापुढे? वंशावळीचा उपयोग दुसऱ्याला खाली दाखवायला करणारे सगळीकडे असतात. बायबलमध्ये ख्रिस्ती प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सुरुवातीलाच कहाण्यांच्या आणि न संपणाऱ्या वंशावळींच्या नादी लागू नका असे म्हटले आहे, ते काही उगाच नाही.

मग आपली वही

एवढे वाचून झाले की हात शिवशिवतो आणि माणूस आपल्या घराण्याची वंशावळ लिहायला बसतो. बसा. वाचताना केल्या त्याच खुणा करा: गोल, चांदणी, बाण. म्हाळाच्या दिवशी भटजींना बाप, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावे लागतात, तेव्हा निदान तीन पिढ्या तरी दोन्ही बाजूंनी भरा. अडचण बायकांच्या नावांची येते. लग्नात नाव बदलायची चाल, म्हणून एकीची दोन नावे. सासरचे सगळ्यांना पाठ, माहेरचे कोणालाच नाही.

माझ्या कागदावर पणजीच्या जागी अजून रिकामा गोल आहे. तिचे सासरचे नाव माहीत आहे, पण कागदावर मी माहेरचे लिहायचे ठरवले आहे. ते सांगू शकेल असे माणूस आता एकच उरले आहे, कवळ्याच्या बाजूला राहणारी एक मावशी. तिला दुपारी तीननंतर नीट ऐकू येते. येत्या रविवारी जाणार आहे.